वेली म्हणजे कुंपण

ही गोष्ट मी आजवर टाळली. विसरलो होतो असं नाही. विनोद म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत उभं राहून खरं सांगणारा माणूस सगळ्यांचा रंग घालवतो, आणि तसा म्हातारा मला व्हायचं नव्हतं. आता चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. आता झालो तर झालो.

आमच्या घराण्यात हा विनोद साठ वर्षं चालत आला आहे. लग्न असो, मुंज असो, पानं मांडली की कुणीतरी तो काढतोच. पांडूनं, म्हणजे मी, गड्याला सांगितलं, "भिंतीवरच्या वाळलेल्या वेली काढून टाक." तमिळमध्ये वेली म्हणजे कुंपण. गड्यानं निमूटपणे कुंपण उपटलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतल्या गायी येऊन अख्खी भाजीची बाग फस्त करून गेल्या. झाला विनोद. कुंभकोणमच्या मराठी घरांत याहून चांगला विनोद कुणाला ठाऊक नाही, कारण आमची घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. दोन भाषांच्या फटीत पाय अडकलेला माणूस पाहिला की आम्हाला हसू आवरत नाही.

मागच्या महिन्यात नातीच्या साखरपुड्यात चेन्नईच्या एका पोरानं तो नक्कल करून सांगितला. गड्याचा आ वासलेला चेहरा, हातात उपटलेला काटेरी फांदोरा, सगळं. मी खुर्चीवरून म्हणालो, "खोटं आहे ते."

"आजोबा, तुमचीच तर गोष्ट!"

"माझीच आहे म्हणून सांगतो. खोटी आहे."

सगळे आणखी हसले. कुणीतरी माझ्या हातात कॉफीचा पेला दिला आणि मी कॉफी प्यायलो. पण घरी आल्यावर लिहायला बसलो. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पण आता वाचून हसावं.

तमिळ मासी महिना लागला आहे, म्हणजे आपला माघ-फाल्गुन. कावेरीत पाणी नाही, नुसती वाळू, आणि त्या वाळूवर सकाळी धुणी वाळत पडतात. कडुलिंबाला बारीक पांढरा मोहर आला आहे. सूनबाई गच्चीवर सिमेंटच्या पिशव्यांत माती भरते आहे. काल तिनं वरून हाक मारली, "मामंजी, वांग्याचं रोप किती खोल लावायचं?"

"दोन बोटं," मी म्हणालो. "आणि वर केळीच्या सोपटाची टोपी घाल. चार दिवस ऊन लागता कामा नये."

"तुम्हांस कसं ठाऊक? तुम्ही तर कधी मातीत हात घातला नाही."

बरोबर बोलली. मी कधी मातीत हात घातला नाही. मी खिडकीतून बघत होतो.

ते साल चौपन्न किंवा पंचावन्न असावं. माझी अक्का रुक्मिणी संक्रांतीला मद्रासहून आली ती एक पेटी घेऊन, आणि परत जायचं नाव काढेना. तिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं. सासरची माणसं म्हणत होती, या घरातही राहा, कोण नको म्हणतंय. आमचे वडील, अप्पा, शाळामास्तर. त्यांना हे पटलं नव्हतं, पण लोकांना काय सांगायचं हेही कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "चैत्र संपेपर्यंत राहा. मग मी स्वतः तुज पोचवून येतों."

"मी खाईन तें मी पिकवीन," अक्का म्हणाली. "मग तर पोचवायास नको ना?"

"काय पिकवणार तूं?"

"बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागच्या अंगणात तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली. रोज दारापुढं काढायची ती वेगळी. ही मागच्या दारी, हातभर लांब, आणि तिच्यात ना कमळ ना वेलबुट्टी. नुसत्या रेघा आणि चौकोन. अप्पा विहिरीवर निघाले होते, ते थबकले. "हें काय काढलंस?"

"इथं वांगी," तिनं बोट ठेवलं. "इथं भेंडी. या कडेनं गवार. विहिरीचं सांडलेलं पाणी इकडं उतरतं, म्हणून इथं माठाची पालेभाजी. मधें मांडव, त्यावर पडवळ आणि दोडका. गल्लीकडे कुंपण."

आमच्या मागं मोठं परस होतं, एरंड आणि तुटक्या कौलांनी भरलेलं. गल्लीकडची भिंत केव्हाच पडली होती. अप्पांनी त्या पिठाच्या बागेकडं पाहिलं आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं विहिरीवर गेले. एवढीच त्यांची परवानगी.

मग कलियन आला.

कलियपेरुमाळ त्याचं पूर्ण नाव. चाळिशीचा असेल तेव्हा. त्याची आई आमच्या गल्लीतल्या मराठी घरांचे गोठे झाडायची, आणि तो रांगता असल्यापासून या घरांच्या मागल्या दारांशी वाढलेला. मागल्या दारी जे काही बोललं जातं, सुनांची कुजबुज, सासवांची कुरकुर, सगळं मराठीत. ते ऐकून तो मराठी शिकला. कुणी शिकवली नाही. त्याची मराठी माझ्याहून जुनी आणि माझ्याहून चांगली होती. पुण्याहून कुणी पाहुणे आले की आमच्या मराठीला हसायचे, "अगदी बखरीतली वाटते हो!" कलियनची ऐकली असती तर त्यांनी पागोटं काढून ठेवलं असतं. पण त्याच्याशी मराठी बोलणार कोण? गड्याशी तमिळ बोलायचं. तसा नियम कुणी केला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं.

अक्कानं मोडला. मातीत बसल्या बसल्या ती त्याच्याशी घरातल्यासारखी बोलू लागली आणि तो घरातल्यासारखा उत्तर देऊ लागला. मी वरच्या खोलीत नोकरीच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसायचो आणि त्यांची भांडणं ऐकायचो.

"फाल्गुन लागूं दे, मग रोपं हलवूं."

"अक्का, वांग्यास फाल्गुन कळत नाही. वांग्यास मासी कळतो."

"तुज तर दोन्ही कळतात ना?"

"म्हणून तर मज मार दोन्हीकडून," कलियन म्हणायचा आणि कुदळ मारायचा.

काय काय आठवतं. एरंडाची मुळं उपटली तेव्हा जमिनीतून आलेला कडवट वास. भोपळ्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावलेल्या, त्या गोवऱ्या फोडून अक्का एकेक बी निवडायची आणि कानाशी हलवून बघायची. आतून आवाज आला तर बी पोकळ, टाकून द्यायची. विहिरीच्या रहाटाची सकाळची किरकिर. वांग्याची रोपं लावली त्या दिवशी प्रत्येकावर केळीच्या सोपटाची टोपी, आणि संध्याकाळी वरून बघितलं तर परसात शेंदोनशे बुटकी माणसं पागोटी घालून सभेला बसल्यासारखी. पडवळ लागलं तसं कलियननं प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्यानं एकेक खडा बांधला. नाहीतर पडवळ वाकडं वाढतं. वारा आला की मांडवाखाली ते खडे एकमेकांवर आपटून टिक टिक करायचे.

आणि बाभळीच्या काट्यांचं, बांबूच्या कामट्यांनी आवळलेलं कुंपण. तमिळमध्ये वेली.

अक्का एक दिवस डोक्यावर पदर घेऊन निघाली आणि कॉलेजजवळच्या मेसमध्ये गेली. तिथल्या मामीला म्हणाली, रोज ताजी भाजी आणून दिली तर घेशील? मामीनं विचारलं, "अप्पांना विचारलंस का?" अक्का म्हणाली, "अप्पा भेंडी तोडणार नाहीत. मी तोडणार." पहिली भेंडी, पहिली गवार टोपलीत घालून ती गल्लीतून चालत गेली. शास्त्र्यांच्या घरासमोरून, वैद्यांच्या ओट्यासमोरून. मान खाली घालून नव्हे. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात अप्पांनी गवारीची भाजी दोनदा मागून घेतली. चैत्राचं नाव निघालं नाही.

मला वाटतं, त्या दिवसापासून मी तिचा शत्रू झालो.

माझ्या लग्नाचं बोलणं तिरुविसनल्लूरला चाललं होतं. मुलीचा मामा मला पोस्टात भेटला. चार माणसांत म्हणाला, "काय रे पांडू, तुमच्याकडे भाजीबाजार भरतो म्हणे. आम्ही घर बघायास येतांना पत्रिका घेऊन यावी कीं टोपली?" लोक हसले. मीही हसलो. मामा पुढच्या रविवारी येणार होता, आणि अक्काची टोपली रोज सकाळी निघत होती. मी तिला सांगून पाहिलं, आठ दिवस बंद ठेव. ती म्हणाली, "माझी गवार तुझ्या लग्नासाठी थांबेल का? तूं थांब."

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी अक्का देवळात गेली होती. मी मागल्या दारी गेलो. कलियन घमेलं धूत होता. मी त्याला तमिळमध्ये सांगितलं, स्वच्छ तमिळमध्ये, जी मी त्याच्याशी जन्मभर बोललो तीच, की गल्लीकडचं कुंपण आजच काढून टाक. रविवारी पाहुण्यांची गाडी मागून वळवायची आहे. नवं कुंपण पाहुणे गेल्यावर बांधू.

त्यानं घमेलं खाली ठेवलं. "चिन्नय्या, गायी?" धाकट्या मालकाला तो चिन्नय्या म्हणे.

"मी आहे इथं."

"रात्रभर?"

"मी आहे म्हटलं ना."

मी कुंपण म्हणालो. वेली म्हणालो, आणि तमिळमध्ये म्हणालो. वेल म्हणायचं असतं तर तमिळमध्ये कोडी म्हणालो असतो. भिंतीवर वाळलेल्या वेली नव्हत्याच. गल्लीकडची ती भिंत त्याच्या आठ वर्षं आधीच पडलेली. हे साठ वर्षांत एकाच्याही लक्षात कसं आलं नाही, याचं मला आज नवल वाटतं आणि चीडही येते. पडलेल्या भिंतीवर वेली कशा वाळतील? पण हसणारा माणूस भिंत बघायला जात नाही.

आणि मी राखण करायला थांबलो नाही. विसरलो नाही, झोप लागली नाही. जेवलो आणि माडीवर जाऊन कडी लावली. काय होणार ते मला माहीत होतं. तेच व्हावं म्हणून सांगितलं होतं. कुणी मला यातून सूट देऊ पाहील, तरुण होता, घाबरला होता म्हणेल. नको. त्यांची दया मला नको.

पहाटे माडीवरून मला आधी ऐकू आलं ते पडवळाचे खडे. टिक टिक नाही, फरपटल्याचा आवाज. चार गायी होत्या, एक वासरू. मांडव एका अंगावर आला होता. वांगी त्यांनी खाल्ली नव्हती, तुडवली होती. भेंडीचे नुसते दांडे राहिले होते. अक्का मधोमध उभी होती, गायींना हाकलतही नव्हती. मग तिनं खाली वाकून वांग्याचं एक मोडकं रोप सरळ उभं केलं, सोडलं, ते पडलं.

अप्पा आले, शेजारचे आले. कलियन आला आणि कुंपणाच्या जागी थांबला. अप्पांनी विचारलं, "हें कोणी काढलं?"

कलियननं माझ्याकडं पाहिलं. आरोप नव्हता त्या पाहण्यात. तो माझी वाट बघत होता. मालकाचा मुलगा बोलेल, मग आपण बोलू, एवढंच.

मी बोललो. शब्द तोंडात कुठून आला मला ठाऊक नाही, इतका चपखल आला. "अय्यो अप्पा, मी याला वेली काढ म्हटलं हो. भिंतीवरच्या वाळक्या वेली. यानं तमिळ वेली काढली!"

अप्पा हसले. अक्का परत आल्यापासून अप्पा हसले नव्हते. ते हसले म्हणून शेजारचे हसले, वैद्य ओट्यावरून खाली उतरून विचारू लागले, काय झालं, काय झालं, आणि त्यांना पुन्हा सांगण्यात आलं आणि ते पोट धरून हसले. दहा मिनिटांत तो विनोद गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.

कलियन म्हणाला, "अय्या, मज दोन्ही वेली ठाऊक आहेत."

मराठीत म्हणाला. शांतपणे. आणि गडी मराठी बोलला म्हणून लोक आणखी जोरात हसले.

त्यानं कुदळ धुतली, पुसली, भिंतीला टेकवून ठेवली आणि गेला. परत आला नाही. अप्पा म्हणाले, बरं झालं, सांगितलेलं समजत नाही त्याला ठेवून काय करायचं.

अक्कानं मला दोन दिवसांनी गाठलं. ती पालेभाजीची बी पेरत होती. हो, पेरत होती. त्याच परसात, त्याच गायींच्या खुरांच्या खड्ड्यांत. हाताला फोड आले होते आणि कुंपण तिनं स्वतः बांधलं होतं, वेडंवाकडं. मान वर न करता तिनं विचारलं, "पांडू, तूं कलियनला मराठींत सांगितलंस कीं तमिळांत?"

"मराठींत."

"तूं त्याच्याशीं कधींपासून मराठी बोलूं लागलास?"

ती बी टाकत राहिली. मग म्हणाली, "अप्पांस मी सांगणार नाही. मी सांगितलं तर बहिणीनं भावाचं नाव सांगितलं, एवढंच होईल. तूं सांग."

माठ पंचवीस दिवसांत तोडायला येतो. चैत्र संपायच्या आत तिनं पहिली जुडी मेसमध्ये पोचवली. अप्पा तिला पोचवायला गेले नाहीत, मद्रासलाही नाही आणि पुढं कुठंही नाही. ती त्याच घरात, त्याच परसाच्या जिवावर अडतीस वर्षं जगली. मामा रविवारी आला, लग्न ठरलं, झालं. त्या घरच्या माझ्या बायकोनं अक्काच्या हातची भाजी जन्मभर खाल्ली. माझी लबाडी कुणाच्याही कामी आली नाही, माझ्यासुद्धा. आणि अक्कानं मला पुन्हा विचारलं नाही. सांगण्याची वाट बघत राहिली, आणि मी सांगितलं नाही, आणि ती गेली.

ती कलियनला बोलवायला दोनदा गेली होती. तो आला नाही. तिला म्हणाला, "जिथं माझं ऐकणंच खोटं ठरलं, तिथं मी कसा राबूं?" गल्लीत त्याला दुसरं काम मिळेना. मिळालं तरी लोक दात काढून सांगायचे, नीट ऐक हं बाबा, वेल म्हणजे वेल. पोरं त्याला वेली कलियन म्हणू लागली. कामासाठी कानावर भरवसा ठेवून जगलेला माणूस तो. दोन भाषा त्यानं कुणाच्या उपकाराशिवाय कमावल्या होत्या, आणि मी एका वाक्यात त्याला दोन्हींत मूर्ख ठरवलं. वर्षभरात तो गाव सोडून पट्टीश्वरमला भावाकडं शेतावर गेला.

माझ्या घरच्यांनो, तुम्ही म्हणाल, एवढ्याशा विनोदाचं काय घेऊन बसलात. घेऊन बसणार. तुमच्यापैकी कोण कधी गड्याशी, गवळ्याशी, रिक्षावाल्याशी मराठी बोललं आहे? मग मी बोललो असेन हे तुम्ही साठ वर्षं कसं मानलंत? गडी चुकला असणार हे मानायला सोपं गेलं म्हणून. यापुढं हा विनोद माझ्यासमोर सांगाल तर मी पानावरून उठेन. माझ्यामागं सांगाल तर निदान नाव बदला. त्यात मूर्ख कलियन नाही. त्यात मूर्ख कुणीच नाही, एक खोटारडा आहे, आणि त्याचं नाव पांडुरंग.

अक्का गेल्यावर त्याच वर्षी पंगुनीत, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, मी पट्टीश्वरमला गेलो. बसमधून जाताना वाक्य पाठ केलं होतं. तमिळमध्ये, कारण त्याच्याशी मी तमिळच बोलत आलो. क्षमा मागायची तर ती कोणत्या शब्दानं, यावरच अर्धी वाट गेली. घरात आम्ही क्षमा देवाची मागतो, माणसाला काय म्हणायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नाही. देवळामागच्या वाडीत घर सापडलं. ओट्यावर एक वाळका म्हातारा बसला होता, डोळ्यांत पांढरं उतरलेलं. त्याची लेक आत ताक घुसळत होती. मी तमिळमध्ये म्हणालो, "कलियन, मी आलोय. पांडू."

त्यानं मान वळवली. आवाजावरून ओळखलं. आणि मराठीत म्हणाला, "या, या. बसा. जेवलात कीं?"

ती मराठी. अक्काची, अप्पांची, आमच्या मागल्या दाराची. माझं पाठ केलेलं वाक्य जागच्या जागी मोडलं. मी बसलो. लेकीनं ताक दिलं. तो म्हणाला, "अक्का गेल्या असं ऐकलं. त्यांची भाजी चांगली होती." मी हो म्हणालो. तो म्हणाला, "जमीन चांगली होती ती. पाणी उतरायचं बरोबर." मी पुन्हा हो म्हणालो. तो माझ्याकडं तोंड करून बसला होता, दिसत नसताना, जसा त्या पहाटे कुंपणाच्या जागी थांबला होता तसाच थांबून.

मी म्हणालो, "देवळांत आलो होतों, म्हटलं भेटून जावं."

"बरं केलंत," तो म्हणाला.

त्याच वर्षी ऐप्पशीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात तो गेला, असं मला मागाहून कळलं. त्याच्याशी मी कधी तमिळशिवाय बोललो नाही आणि कधी एकेरीशिवाय हाक मारली नाही. पट्टीश्वरमच्या त्या ओट्यावर, ताकाचा पेला हातात असताना, मला एवढंच म्हणायचं होतं, आणि मराठीतच म्हणायचं होतं: "कलियन, तुम्हांस बरोबर ऐकूं आलं होतं. मी कुंपणच म्हणालो होतों."